बी विंगमधल्या लहरींचं वेळापत्रक

"सरकारने परवाना माफ केला असेल, सोसायटीने कुठे केलाय?" असं म्हणत गुरुदत्तांनी वर्तमानपत्राची घडी घातली आणि विनिताबाई सावध झाल्या. नवरा या सुरात बोलला की बी विंगमध्ये काहीतरी बंद पडतं, हा त्यांचा अनुभव होता.

वायफायसाठी सरकारने लहरींचा आणखी एक पट्टा विनापरवाना मोकळा केल्याची ती बातमी होती. इतर कुणी पान उलटलं असतं. गुरुदत्तांनी मूळ अधिसूचना शोधून काढली आणि चष्मा पुसून शेवटच्या कलमापर्यंत वाचली. सारी नोकरी पाणी खात्यात गेलेली. त्यामुळे घरोघरी जे काही येतं ते सगळ्यांकडे सारख्या दाबाने यावं, असं त्यांचं ठाम मत. बाळकुमच्या त्या सोसायटीचे ते सेक्रेटरी. खरं सांगायचं तर असा सेक्रेटरी मिळायला भाग्य लागतं. एकदा स्वतःची स्कूटर चुकीच्या जागी लावली, तेव्हा त्यांनी स्वतःलाच नोटीस काढली होती.

"अगं, परवाना नको, पण अटी आहेत," ते सांगू लागले. "लहरी वाटून वापरायच्या. आपल्या यंत्राने दुसऱ्याला त्रास द्यायचा नाही. आणि दुसऱ्याचा आपल्याला झाला, तर तक्रार न करता सोसायचा."

"म्हणजे लग्नासारखंच की!"

"आपल्या विंगमध्ये सगळे राउटर एकदम बोंबलतात. पाणी कसं वेळेवर सोडतो? तसंच हे. गुरुवारी अकराला तुझा इंटरव्ह्यू ना? अकरा ते बारा विंगमध्ये एकही राउटर चालू राहणार नाही. सगळी हवा तुला मोकळी!"

विनिताबाईंचे डोळे भरून आले. मुलाच्या शाळेपायी सोडलेली नोकरी आता कुठे पुन्हा हाताशी येत होती. डोंबिवलीतल्या एका इंटरनेट कंपनीला तक्रार विभागासाठी माणसं हवी होती, आणि सरावाच्या प्रत्येक कॉलला विनिताबाईंचं चित्र तोंड उघडं ठेवून अडकत होतं. बायकोला साडी, दागिने देणारे नवरे पुष्कळ असतात. हा माणूस हवा देत होता. त्या कौतुकात एक साधी गोष्ट दोघांच्याही लक्षात आली नाही.

गुरुदत्त दारोदार फिरले. त्यांच्या शब्दाला मानच असा, की दिवसभर गेम खेळणारा सिद्धेशही "काका, तुमच्यासाठी काय पण!" म्हणाला.

गुरुवारी अकराच्या ठोक्याला विनिताबाई इस्त्रीची साडी नेसून लॅपटॉपसमोर बसल्या आणि किंचाळल्या, "अहो! आपलं नेट का गेलं?"

"बंद केलं. सेक्रेटरीने आधी स्वतः पाळायला नको?"

"अहो, इंटरव्ह्यू त्याच्यावरच आहे ना!"

गुरुदत्तांचा चेहरा खर्रकन उतरला. "चालू करतो गं. पण मग बाकीच्यांना काय तोंड दाखवू?"

"बरं, मोबाइलचं हॉटस्पॉट लावा."

"ते पण त्याच लहरींवर चालतं!"

विनिताबाईंनी लॅपटॉप उचलला आणि समोरच्या ज्युलियानाचं दार वाजवलं. "नेट आहे?"

"आहे ना! माझ्या लेकीचा, लिओनाचा नेटवरून फोन येतो या टायमाला, मी कशाला बंद करते? बस. पासवर्ड बोंबील."

कॉल लागला. पडद्यावर सम्यक नावाचे तरुण साहेब होते. दोन-चार प्रश्न छान गेले. मग त्यांनी विचारलं, "मॅडम, संतापलेला माणूस नियम दाखवत समोर उभा राहिला, तर काय कराल?"

तेवढ्यात गुरुदत्त मोबाइलवरची वायफायची यादी नाचवत दारात उभे. "ज्युलियानाबाई, तुमचा राउटर चालू दिसतोय! बंद करा." मग बायको दिसली. ते घुटमळले, पण ताठच राहिले. "विनिता, तू असलीस तरी नियम तो नियम."

विनिताबाईंनी आवाज जराही चढवला नाही. "बरोबर आहे तुमचं. अहो, दुसऱ्याचा त्रास झाला तर काय करायचं लिहिलंय?"

"सोसायचा."

"आणि वेळापत्रक लावा, असं कुठल्या कलमात आहे?"

गुरुदत्तांनी डोळे मिटून सगळी कलमं आठवून पाहिली. "कुठल्याच नाही. वाटून वापरा, एवढंच आहे."

"मग?"

"मग चुकलं माझं. ज्युलियानाबाई, माफी असावी. सगळ्यांना सांगून येतो." आणि लिफ्टची वाटही न बघता ते जिना चढू लागले.

सम्यक हसू दाबत म्हणाले, "मॅडम, मला दुसरा प्रश्नच उरला नाही. तुम्ही सोमवारपासून..."

वर एकेक राउटर चालू होत होता. सम्यकांचं चित्र थरथरलं आणि तोंड उघडं ठेवून गोठलं.

"देवा! सोमवारपासून काय?" ज्युलियाना ओरडली.

विनिताबाई पडद्यावर टिचक्या मारू लागल्या. तोच त्यांचा मोबाइल वाजला.

"मॅडम, सम्यक बोलतोय. सोमवारपासून या, असं म्हणत होतो. पण मघाचे ते गृहस्थ... आमच्याकडे माणसं महिनोन्‌महिने भांडतात हो. चूक इतक्या पटकन मान्य करणारा माणूस मिळतो कुठे?"

जिन्यातून मजल्यामजल्यावरून आवाज येत होता, "चूक माझी होती, चालू करा हो!" विनिताबाईंनी जिन्याकडे पाहिलं.

"मिळत नाही, सर," त्या म्हणाल्या. "एकच होता, तो मी घेतला."