अधूनमधून मरणारे गव्हाणे मामा

आमचे शेजारी गव्हाणे मामा आजवर किती वेळा मेले, याचा हिशेब कोणाकडेच नाही. मरायला त्यांना एक सावलीचं झाड लागतं, शक्यतो कडुलिंबाचं. त्याखाली चपला काढून ते आडवे होतात, पिशवी उशाला घेतात, उपरणं तोंडावर ओढतात आणि खणखणीत आवाजात जाहीर करतात, "चला, मी मेलो. आता करा काय करायचं ते."

हे वेडाचं लक्षण वाटेल, आणि थोडंफार ते आहेही. पण आधी मामांचं काम सांगायला हवं. डोंगरउतारावरची माती पावसात वाहून जाऊ नये, गायरान उजाड होऊ नये, म्हणून गावोगावी लोकांचे गट असतात. या गटांना शिकवायचं काम मामांनी जन्मभर केलं. उताराला आडवा चर कसा आखायचा, बांध कुठं घालायचा, गवत किती वाढू द्यायचं, आणि सगळ्यांत अवघड म्हणजे एकमेकांची गचांडी न धरता बैठक कशी घ्यायची. शिबिराच्या शेवटच्या दिवशी परीक्षा. त्या परीक्षेत गट चर आखतो, गटच भांडण मिटवतो आणि मामा मरतात. कोणी जवळ येऊन विचारलंच, "मामा, हितं दगड लावू का?" तर उपरण्याखालून हूं की चूं येत नाही.

हे खूळ कुठून आलं, असं मी एकदा विचारलं होतं.

"नवा नवा नोकरीला लागलो व्हतो. एका गावात लई झकास बांध घातला. सगळं मीच केलं, गाव नुसतं बघत व्हतं. मग माझी बदली झाली. बांधाला भगदाड पडलं, तर एकानं बी त्यात दगड टाकला नाय. साहेब येतील, साहेब येतील म्हणत बसले. साहेब तिकडं बीडला! माती गेली ना वाहून सगळी. तवाच ठरवलं, आपण आधीच मरून ठेवायचं. म्हंजे वाट बघायची भानगड नाय."

माझं शहरात, क्रांती चौकात, फ्लेक्स छापायचं दुकान आहे. शहराच्या कडेला पडेगावला घर घेतलं तेव्हा मामा शेजारी म्हणूनही मिळाले आणि गिऱ्हाईक म्हणूनही. शिबिराचा फलक छापायला आले तेव्हा मी विचारलं, "तुमचा फोटो टाकू का कोपऱ्यात?" तर म्हणाले, "मेलेल्याचा फोटो लावला तर त्याला हारबी लागंल. ऱ्हाऊ द्या."

उतारावर एका पातळीतली रेघ शोधायला त्यांच्याकडे इंग्रजी ए अक्षरासारखी लाकडी चौकट असे, छातीएवढी उंच, मधोमध दोरीला दगड लोंबणारा. दोरी मधल्या खुणेवर आली की चौकटीचे दोन्ही पाय एका पातळीत. ही चौकट स्कूटरवर आडवी बांधून ते निघाले की रस्त्यावरची निम्मी वाहनं बाजूला होत. एकदा रिक्षावाल्यानं हटकलं, "चाचा, झूला किधर लगा रहे?" मामा म्हणाले, "डोंगर पे. तुम भी आना झूलने." आमच्या वास्तुशांतीलाही ते चौकट घेऊनच आले. पंगत बसायच्या आत ती हॉलमध्ये उभी केली, दगड स्थिर होईस्तोवर सगळ्या पाहुण्यांना श्वास रोखायला लावला आणि म्हणाले, "उतार झकास हाय. पाणी थेट देवघरात." सुनंदानं, म्हणजे माझ्या बायकोनं, पुढे कितीतरी दिवस त्यांना चहा विचारला नाही. मग एकदा फरशी धुताना पाणी खरोखरच देवघराकडे निघालं, तेव्हा विचारला.

मरण्याचा प्रयोग मामांनी आमच्या कॉलनीतही करून पाहिला. सांडपाण्याच्या नालीवरून बैठक तापली होती. मामांनी गच्चीवर सतरंजी अंथरली आणि "मी मेलो, तुम्ही ठरवा" म्हणून आडवे झाले. लोकांनी तेवढी संधी साधली आणि एकेक करून मॅच बघायला घरी गेले. बऱ्याच वेळानं सुनंदा वाळवण काढायला वर गेली, तेव्हा मामा एकटेच पडलेले. "शहरात मरण्यात अर्थ नाय," एवढंच बोलून त्यांनी सतरंजी झटकली.

खरी परीक्षा मी पाहिली ती सोयगावच्या अलीकडच्या एका गावात. फलक पोचवायला गेलो आणि दिवसभर तिथंच रमलो. चर आखून झाला होता, पण बैठक पेटली होती. तात्या नावाचे एक बागायतदार म्हणत होते, गवत वाढायला हवं असेल तर अख्खा डोंगर चराईला बंद. समोर कडूबाई, मेंढरं राखणाऱ्या घरातली, आवाज असा की डोंगरापलीकडची मेंढी मागं फिरावी. "मंग आमची मेंढरं काय आभाळात चरतील व्हय?" दोघं एकदमच लिंबाकडे वळले, "मामा, तुमीच सांगा!" मामा मेलेले.

इतक्यात शेतातून डोक्यावर गवताचा भारा घेऊन एक म्हातारी आली. तिनं झाडाखाली तोंड झाकलेला माणूस पाहिला, भोवती गप्प बसलेलं गाव पाहिलं आणि भारा टाकून हंबरडाच फोडला. "अगं बया! गेला व्हय गं मास्तर! कसा देवमाणूस व्हता!"

"आजी, गेले नाय," कडूबाई म्हणाली. "परीक्षा चालू हाय."

म्हातारीचं रडं जागच्या जागी थांबलं. "मुडदा बशिवला तुझा! जित्तं माणूस असं निजतं व्हय?" असं म्हणून तिनं मामांच्या नडगीवर हातातल्या काठीचा एक ठेवून दिला. गडी हलला नाही. गाव पोट धरून हसलं, आणि त्या हसण्यातच भांडणाची धार गेली. शेवटी ठरलं की यंदा निम्मा डोंगर बंद, पुढच्या साली उरलेला निम्मा, आणि मधून मेंढरांना वाट. मग कडूबाई लिंबापाशी आली आणि म्हणाली, "उठा मामा, जमलं." या शब्दांनी मामांना उठवायचं, अशी रीतच होती. मामा नडगी चोळत उठले आणि मला म्हणाले, "बघितलं? माझी गरज लागली का?" इतका आनंदलेला माणूस मी क्वचित पाहिला असेल.

पण या कामाची गोम अशी की ते नीट झालं तर तुम्हाला परत कोणी बोलवायचं कारण उरत नाही. आणि मामांनी तर ते फारच नीट केलं होतं. वय झालं, शिबिरं थांबली, चौकट जिन्याखाली गेली. मामी जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी लग्न होऊन नाशिकला. मामा रोज सकाळी फाटकाशी येऊन म्हणू लागले, "माझ्या फोनला एक कॉल मारा बरं. लागत नाय वाटतं." मी लावायचो. खिशात घंटी वाजायची. "लागतो की," म्हणून ते परत फिरायचे.

सुनंदा एकदा म्हणाली, "अहो, फोन नाही बिघडलेला त्यांचा." तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि फार वाईट वाटलं. मी त्यांना म्हटलं, "मामा, तुम्हीच करा की कडूबाईला फोन. पावसाचं विचारा, गवताचं विचारा."

"मेलेला माणूस फोन करतो का कुठं?" मामा म्हणाले. "माझा आवाज ऐकला की पुन्हा मलाच इचारत बसतील. चांगलं चाललंय त्यांचं."

यंदा उन्हाळ्यात ते असेच फाटकाशी उभे होते. माझा फोन आत चार्जिंगला. त्यांचा वाजला. त्यांनी न बघताच कापला. "बास, लागला."

"मी कुठं केला?"

फोन पुन्हा वाजला. कडूबाईच्या आवाजाला स्पीकरची गरज नव्हती. "मामा, फोन कशापायी कापता? ऐका. डोंगरापल्याडच्या गावाचा गट आमी शिकवून तयार केला. चर, बांध, बैठक, समदं झालं. फकस्त एक अडलंय. उद्या परीक्षा हाय अन् मरायला माणूस नाय."

"तात्या हायेत की."

"तात्या झोपले व्हते आज, रंगीत तालमीला. पर दम निघंना. मधीच उठून बसले अन् म्हणले, 'तसं नाय रे गाढवांनो!' मी झोपले तर मी बी बोलीन. गप पडायचं आमाला कोणालाच जमंना, मामा. तुमी येता का मरायला?"

मामांनी आभाळाकडे पाहिलं, घसा साफ केला. "बघतो. सवड हाय का ते बघावं लागंल." फोन ठेवला आणि मला म्हणाले, "सकाळी लवकर निघू. उपरणं तेवढं धुवून टाकतो."

नव्या गावातही लिंब होता. मामा आडवे झाले, मेले. कडूबाई नि तात्या कंबरेवर हात ठेवून लांब उभे राहिले आणि जिभा आवरून गप्प राहिले. त्या गावच्या लोकांनी आपली आपण रेघ आखली, चुकली, पुसली, पुन्हा आखली. कोण कुठला भाग राखणार यावरून तंटा झाला, तोही त्यांनीच मिटवला. टाळ्या झाल्या, चहा आला, लेकरं झाडाभोवती पळू लागली. कडूबाईनं हाक दिली, "उठा मामा, जमलं!"

मामा उठले नाहीत.

तिनं पुन्हा हाक दिली. उपरणं हललं नाही. मी धावत गेलो, गुडघ्यावर बसलो आणि उपरण्याचं टोक उचललं.

मामा टक्क जागे होते. डोळे भरून आलेले.

"जरा पडू द्या हो," ते हळूच म्हणाले. "माणसं बोलत्यात, ते ऐकतोय. घरी लई शांत असतं."

मी उपरणं होतं तसं पुन्हा ओढून दिलं. मागं वळून कडूबाईला हातानं थांब म्हटलं, आणि मामांच्या वाट्याचा चहा त्यांच्या उशाशी बशीनं झाकून ठेवला.