माघारी काय येतंय?

लग्नात सगळं जग वाढप्याकडे बघतं. आमचे बबनराव शेवकरी मांडवाच्या मागे, उष्टी ताटं येतात तिथे जाऊन उभे राहतात. "मठ्ठा बाद हाय," परत येऊन ते जाहीर करतात. "निम्मे ग्लास तसेच माघारी आलेत. जिलबी घ्या." त्यांचा अंदाज चुकत नाही, त्यामुळे त्यांच्याबरोबर लग्नाला जायला माझी कधी ना नसते.

चाकणच्या आमच्या फाउंड्रीत ते मेंटेनन्सला आणि मी स्टोअरला. म्हणजे त्यांनी मागायचं आणि मी नाही म्हणायचं. ओतकामाच्या साच्यांची ओली वाळू वाहणारा कन्व्हेअर हा त्यांचा जीव की प्राण. "पट्टा पुढं काय न्हेतो ते सगळ्यांना दिसतंय राव. माघारी काय येतंय ते बगा!"

माघारी यायची पट्ट्याला चिकटलेली वाळू. ती खाली सांडायची, रोलर जाम व्हायचे, पट्टा सरकून कडेने फाटायचा. तो पुसायला स्क्रॅपर होता, पण कसला? जुन्याच पट्ट्याचा कापलेला तुकडा! फुकटचा म्हणून मला त्याचा कोण अभिमान. तो चार दिवसांत झिजायचा आणि जाता जाता नव्या पट्ट्याला ओरबाडून जायचा. मग गुरुवारी, कंपनीला सुट्टी असताना, बबनराव माणसं घेऊन फावड्याने वाळू उपसायचे.

"टिकाऊ स्क्रॅपर पायजे. कार्बाइडच्या धारेचा, स्प्रिंगवाला."

"महाग आहे हो."

"आन् रोलर काय तुमच्या आत्यानं आहेरात दिलेत? मला माझा गुरुवार पायजे!"

गुरुवारचं हे काय खूळ, कळेना. दत्ताचा उपास असेल, असं आम्ही धरून चाललो.

शेवटी साहेबांनी एक स्क्रॅपर आणू दिला. हा फसला तर विषय कायमचा बंद, असं बजावून. बबनरावांनी तो स्वतः बसवला आणि मायेपोटी इतका आवळला, की पट्ट्याच्या जोडात अडकून अख्खी लाइन थांबली. बबनराव सगळ्यांदेखत स्वतःवरच ओरडले, "स्क्रॅपरचा दोष न्हाई, ह्या शेवकऱ्याला अक्कल न्हाई! पुसायचं असतं, गळा दाबायचा नसतो!" साहेबांना हसू आवरेना. त्या हसण्यातच बबनरावांना आणखी एक दिवस मिळाला.

त्यांनी जोड गुळगुळीत करून घेतला, स्प्रिंग सैल केली आणि पट्टा सुरू व्हायच्या आधी डोक्यावरची पांढरी टोपी काढून पट्ट्याखाली उलटी ठेवली. शिफ्ट संपली, पट्टा थांबला. बबनरावांनी वाकून टोपी उचलली, झटकली. काही पडलं नाही! ती तशीच डोक्यावर चढवली, तेव्हा शिट्ट्यांनी शेड दणाणली. पोरांनी फावडी खांद्यावर घेऊन माझ्या स्टोअरपर्यंत मिरवणूक काढली. "घ्या भाऊ," बबनराव म्हणाले, "ही फावडी माघारी!"

पुढे रोलरची मागणी आटली, साहेबांनी सगळ्या पट्ट्यांना तसेच स्क्रॅपर बसवले आणि मीटिंगमध्ये त्याचं श्रेय मी बिनदिक्कत घेतलं.

परवा गुरुवारी राजगुरुनगरला कामानिमित्त गेलो, तर बबनराव बसस्टँडवर. इस्त्रीचा शर्ट, तीच टोपी. त्यांचं घर तिथून हाकेच्या अंतरावर. मी विचारलं, "आज उपास नाही वाटतं?"

"कसला उपास? पोरगी मारुंजीला ऱ्हाती, कॉम्प्युटरच्या कंपनीत. गुरुवारी घरनं काम असतंय तिला. तिची आई गेल्यापासनं दर गुरुवारी लॅपटॉप घिऊन हितं येती. पन मी कंपनीत वाळू उपसत बसलेला. सांजच्याला ती भाकरी झाकून ठिवून निघून जायची." त्यांनी डोक्यावरची टोपी सारखी केली. "गार भाकरी खाताना कळायचं, पोरगी येऊन गेली."

इतकी वर्षं मी त्यांना नाही म्हणत आलो होतो ते नेमकं कशाला, हे मला त्या स्टँडवर कळलं.

तेवढ्यात भोसरीहून येणारी बस स्टँडात वळली. मी बोलायला तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर केला.

"थांबा राव. माघारी काय येतंय ते बगू द्या."

पाठीवर बॅग अडकवलेली एक मुलगी दारातून उतरली आणि ओरडली, "अण्णा!" बबनरावांनी डोक्यावरची टोपी काढली आणि लहान पोरासारखी हवेत हलवली.