हेमांगिनी नको म्हणते

"रिटायर झालो की थेट कराड. ठरलं!" चहाचा कप बशीत ठेवता ठेवता गुणवंत पाटणकरांनी जाहीर करून टाकलं.

चंद्रप्रभाबाई स्वयंपाकघरात फोडणी करत होत्या. त्यांचा हात तसाच हवेत राहिला आणि मोहरी करपली. "अहो, नको हो कराड!" त्या तशाच बाहेर आल्या. "आपण इथंच राहू ना, दिल्लीत. द्वारकेला भाड्यानं घर बघू. माझी शाळा आहे, माझ्या मैत्रिणी आहेत. तिकडं जाऊन मी काय करू?"

"ठरलं म्हणजे ठरलं," गुणवंतराव म्हणाले आणि पेपरात तोंड घालून बसले.

डिसेंबरात ते निवृत्त होणार होते, म्हणजे आर. के. पुरमचं सरकारी क्वार्टर सोडावं लागणार होतं. कराडला धाकट्या भावाच्या, विश्वनाथच्या घराचा वरचा मजला रिकामा होता. रोज संध्याकाळी संगमावर फिरायला जायचं आणि 'दिल्लीचे साहेब आले' असं चार लोकांकडून ऐकायचं, एवढंच त्यांचं स्वप्न होतं. त्यात चूक काहीच नव्हती. बायकोला विचारायचं तेवढं राहून गेलं होतं, पण ते त्या घरात नेहमीच राहून जायचं. मंत्रालयात त्यांच्या शब्दाला कुत्रंही विचारत नव्हतं. त्याची भरपाई ते घरी करत. आपण म्हणू ती पूर्व दिशा, या एका गोष्टीचा त्यांना फार अभिमान होता.

तसाच अभिमान त्यांना गणेशोत्सवातल्या नाटकाचा होता. वसाहतीतल्या मराठी मंडळींचं नाटक दरवर्षी तेच बसवत आणि मुख्य भूमिकाही तेच करत. पाठांतराच्या नावानं मात्र शंख. विंगेत खुर्ची टाकून चंद्रप्रभाबाई प्रॉम्प्टिंग करत, म्हणून वर्षानुवर्षं निभावलं होतं. "त्यात काय, बसून वाचायचं तर असतं," असं गुणवंतराव म्हणत.

यंदा त्यांनी 'संगीत गृहस्वामी' हे शंभर वर्षांपूर्वीचं नाटक घेतलं होतं. नायक सरदार भैरवराव अर्थात ते स्वतः. नायिका हेमांगिनी म्हणून मैत्रेयीला घेतलं होतं. ही पोरगी मूळची गुडगावची, वडील मानेसरच्या कारखान्यात, आणि स्वतः विद्यापीठात शिकायला म्हणून मुनिरक्यात खोली घेऊन राहणारी. गळा असा गोड की ऐकत राहावं. मराठी मात्र दिल्लीच्या पाण्यावर वाढलेलं.

"हे बघ मैत्रेयी," रविवारच्या तालमीत गुणवंतरावांनी समजावलं, "हेमांगिनी म्हणजे साधी, भोळी, देवभोळी बाई. मान खाली, आवाज बारीक. नवरा सांगेल ते ऐकायचं, बस. समजलं?"

"काका, एक डाउट आहे."

"विचार की."

"पहिल्या अंकात ती म्हणते, 'मला नकोत बाई तिजोरीच्या किल्ल्या.' मग भैरवराव चिडतो आणि जबरदस्ती तिला किल्ल्या देतो. बरोबर? दुसऱ्या अंकात म्हणते, 'दिवाणजींना काढू नका हो, बिचारे म्हातारे आहेत.' तो लगेच दिवाणाला काढतो. आणि दिवाण तर चोर असतो! तिसऱ्या अंकात म्हणते, 'जहागिरीचा कारभार मला नाही जमायचा.' तर हा पूर्ण कारभार तिच्या हातात देऊन शिकारीला जातो."

"मग? त्यात डाउट काय आहे?"

"अहो काका, ती ज्याला नको म्हणते, एग्झॅक्टली तेच होतं! आणि दरवेळी फायदा तिचाच. ही भोळी कशी? ही तर त्याला बोटावर नाचवतेय यार. और बंदे को पता भी नहीं!"

हॉलमध्ये हशा पिकला. दिवाणजीचं काम करणारा हरीश तर हसून हसून खुर्चीवरून घसरला. गुणवंतरावांनी "तो काळ वेगळा होता" असं काहीतरी पुटपुटून तालीम पुढे रेटली. विंगेत चंद्रप्रभाबाई पदरानं चष्मा पुसत शांत बसल्या होत्या.

डाउट मात्र गुणवंतरावांच्या मागे घरापर्यंत आला. दुपारी जेवून त्यांनी संहिता पुन्हा उघडली. पहिला अंक वाचला, दुसरा वाचला, आणि तिसऱ्यात पोचेपर्यंत त्यांचा चेहरा पडला. पोरगी बरोबर बोलत होती! एवढा शूर सरदार, पण बायकोनं त्याचा पार मामा केला होता, आणि शेवटच्या प्रवेशात हा शहाणा मिशीवर ताव देऊन म्हणत होता, 'या घरात माझ्या शब्दाबाहेर पान हलत नाही!'

हे वाक्य त्यांनी कुठंतरी ऐकलं होतं. कुठं बरं? आणि एकदम उजेड पडला. हे वाक्य ते स्वतःच म्हणायचे! कालपरवाच हरीशला म्हणाले होते!

मग एकेक आठवायला लागलं. लग्नानंतर पुण्यात असताना दिल्लीची बदली आली, तेव्हा चंद्रप्रभा म्हणाली होती, "दिल्ली नको बाई, मला थंडी बाधते." त्यांचं डोकं फिरलं आणि त्यांनी बदली स्वीकारली. शाळेतली नोकरी? "मला नाही जमायचं, घर कोण बघेल?" त्यांनी स्वतः अर्ज भरून तिला शाळेत धाडलं. पोळ्यांना बाई? "परक्या हातच्या पोळ्या मला नकोत." बाई दुसऱ्या दिवशी हजर. आणि आई! अरे देवा, आई! "सासूबाईंना कराडला नका ना पाठवू, माझ्याजवळच राहू द्या." डोळ्यांत पाणीसुद्धा होतं हो! आणि हे महाशय आईला निजामुद्दीनला गाडीत बसवून आले होते.

गुणवंतरावांना दरदरून घाम फुटला. पंखा पाचवर होता, तरी फुटला.

पण नुसत्या संशयावर बायकोला दोष देणारे ते नव्हते. सरकारी माणूस, पडताळणी केल्याशिवाय पुढे जायचा नाही. चार वाजता त्यांनी सहज सुरात विचारलं, "काय गं, सरोजिनी नगरला येतेस? बाजारात एक चक्कर मारू."

"नको बाई, ऊन किती आहे! आणि घ्यायचं तरी काय?"

"चल म्हणतो ना!"

"तुम्ही म्हणता तर येते," असं म्हणून त्या आत गेल्या आणि बाहेर आल्या तेव्हा हातात घडी केलेल्या तीन रिकाम्या पिशव्या होत्या! येताना तिन्ही पिशव्या पडद्यांच्या कापडानं तट्ट फुगल्या होत्या आणि त्या वाहत होते गुणवंतराव. हातच्या काकणाला आरसा कशाला? पडताळणी पूर्ण झाली.

त्या रात्री जेवताना त्यांनी हातातला घास परत ताटात ठेवला. कारण एक भयंकर गोष्ट त्यांच्या ध्यानात आली होती. ही जे हवं त्याला नको म्हणते. आणि परवा काय म्हणाली? 'नको हो कराड!' म्हणजे हिला कराडच हवंय! बाप रे! हिची बहीण लता कराडलाच तर राहते, विश्वनाथच्या घरामागच्या गल्लीत. दोघी बहिणी दिवसभर गप्पा छाटणार, आणि आपण? आपण बसणार मिशीवर ताव देत!

संगमावरची संध्याकाळ त्यांच्या डोळ्यांपुढून एकदा गेली. जीव तुटला. पण या वयात आपला भैरवराव झालेला त्यांना चालणार नव्हता.

"कराड रद्द," सकाळी त्यांनी फर्मान काढलं. "आपण दिल्लीतच राहायचं. द्वारकेला घर घ्यायचं."

"अगंबाई!" चंद्रप्रभाबाई खुर्चीवर बसल्याच. "अहो, पण भावजींनी वरच्या मजल्याचं रंगकाम काढलंय. त्यांना काय वाटेल?"

बघा! पडला ना जिवाला घोर! गुणवंतराव मनात हसले. "वाटेल ते वाटू दे. कराडचं नाव काढायचं नाही."

विश्वनाथला फोन केला तर तो भडकलाच. "दादा, चेष्टा लावलीयस काय? वहिनी काही म्हणू दे, रंग पिवळाच मार, असं तूच सांगितलंस ना? निम्मा मजला पिवळा झाला, आता काय करू? खरवडू?"

"हो, सांगितलं खरं. तिला विचारलं तर म्हणाली होती, पिवळा न..." गुणवंतराव वाक्याच्या मध्येच थांबले.  'पिवळा नको' म्हणाली होती! म्हणजे हिला पिवळाच हवा होता! त्यांचा निश्चय आणखी पक्का झाला.

बायकोला पुढची चाल खेळायला वेळच द्यायचा नाही, म्हणून त्याच आठवड्यात त्यांनी हरीशच्या ओळखीनं द्वारकेत घरं बघायला सुरुवात केली. चंद्रप्रभाबाई म्हणाल्या, "तळमजला नको हो, डास फार येतात." वा! म्हणजे हिला तळमजला हवाय! त्यांनी पहिला मजला घेतला. त्या म्हणाल्या, "मेट्रोपासून लांब नको, शाळेत जायला त्रास होईल." अस्सं! लांबचं हवंय काय? त्यांनी मेट्रोजवळचं घर पक्कं केलं. त्या म्हणाल्या, "शाळा सोडावी असं नाही वाटत मला." सोडायची आहे तर! "शाळा मुळीच सोडायची नाही," त्यांनी बजावलं. जन्मात पहिल्यांदाच ते बायकोचा शब्दन् शब्द ऐकत होते आणि आपण तिच्यावर मात केली, या आनंदात त्यांचं वजनही थोडं वाढलं.

गणपती आले, नाटकाचा दिवस उजाडला. हॉल खचाखच भरला होता. दोन अंक झोकात झाले. मैत्रेयीनं हेमांगिनी अशी काही रंगवली होती की खाली मान घालून ती 'नको' म्हणाली रे म्हणाली, प्रेक्षकांतल्या बायका खुदुखुदु हसत होत्या. पुरुष का कुणास ठाऊक, जरा गंभीर होते.

तिसऱ्या अंकाआधी गुणवंतराव मिशी चिकटवत मैत्रेयीजवळ आले. मन भरून आलं होतं. "मैत्रेयी, तुझे उपकार आहेत माझ्यावर बेटा. तुझ्या त्या डाउटनं माझे डोळे उघडले."

"कोणता डाउट? अच्छा, तो हेमांगिनीवाला? अहो काका, तो माझा कुठं होता! काकूंनी सांगितलं होतं विचारायला."

गुणवंतरावांच्या हातातली मिशी अर्धीच चिकटली. "कु... कुणी?"

"चंद्रप्रभाकाकूंनी. त्या तालमीच्या आदल्या दिवशी मी नऊवारी घ्यायला आले होते ना, तेव्हा. म्हणाल्या, 'मी विचारलं तर ते मनावर घ्यायचे नाहीत, तूच विचार. सगळ्यांसमोर विचार. यांना एकदा हेमांगिनी कळली ना, की माझं एक मोठं काम होऊन जाईल.'" मैत्रेयी नथ नीट करत म्हणाली, "झालं का हो काका त्यांचं काम?"

तेवढ्यात घंटा झाली आणि हरीशनं त्यांना स्टेजवर ढकललं.

पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय, ते गुणवंतरावांना त्या फळ्यांवर कळलं. संवाद कुणाच्या तोंडून येत होते कोण जाणे, विंगेतून कानात पडत होतं तसं ते बोलत गेले. हेमांगिनीचं शेवटचं पद झालं आणि 'वन्स मोअर'चा गजर उठला. मैत्रेयी पुन्हा गायला लागली, तसे ते तलवार सावरत सावरत विंगेच्या कडेला सरकले.

"चंद्रप्रभा, तुला खरंच कराड नको होतं?"

"नकोच म्हटलं होतं ना मी?" संहितेवरची नजर न काढता त्या कुजबुजल्या.

"पण तू तर... हवं असतं त्याला नको म्हणतेस!"

"तुम्ही एकदम जाहीरच केलंत हो. घाबरले मी, आणि घाबरून तोंडातून खरं निघून गेलं." त्यांनी पान उलटलं. "मग तुम्हाला नाटक समजावून देण्याशिवाय माझ्याकडे उपाय काय होता? आता दर दिवाळीला महिनाभर कराडला जायचं आपण. संगमावर फिरा पोटभर. मी येईन सोबत."

"आणि पिवळा रंग?"

"तो मला आवडतोच. मिशी दाबा, पडतेय."

पद संपलं. टाळ्या थांबल्या. भैरवरावाच्या शेवटच्या वाक्याची वेळ झाली आणि गुणवंतराव स्टेजच्या मधोमध उभे राहिले. डोकं पार कोरं झालं होतं. समोर अख्खी वसाहत वाट बघत होती. त्यांनी केविलवाण्या नजरेनं विंगेकडे बघितलं.

"या घरात," विंगेतून हळूच आवाज आला.

"या घरात," गुणवंतराव गरजले.

"माझ्या शब्दाबाहेर."

"माझ्या शब्दाबाहेर..."

"पान हलत नाही."

गुणवंतरावांनी एकदा बायकोकडे बघितलं, एकदा प्रेक्षकांकडे बघितलं, अर्धवट मिशीवर ताव दिला आणि सांगितलं होतं तसंच, अगदी शब्दन् शब्द, ते म्हणाले.