मध्यंतरानंतरचा म्हातारा

फोन घ्यायचा की नाही, एवढाच प्रश्न होता. शुक्रवारच्या प्रेस शोचं मध्यंतर झालं होतं, समीक्षकाच्या हातात फुकटची कॉफी होती आणि खिशात बायकोचा फोन थरथरत होता. त्याने तो घेतला. पुढे जे रामायण घडलं त्याची सुरुवात इथे झाली. (समीक्षक स्वतः मात्र अजूनही वॉशिंग मशीनला दोष देतो.)

"अरे, मशीनचा पाइप निसटलाय. पाणी पार हॉलपर्यंत आलंय. आपला मेन कॉक कुठेय?"

"मशीनच्या मागे."

"तो गीझरचा आहे."

"मग सिंकखाली."

"सिंकखाली कांदे आहेत!"

"मग असेल ना कुठेतरी, नीट बघ जरा!"

लग्नापासून ज्या घरात राहतो, त्या घरातलं पाणी कुठून बंद होतं हे त्याला माहीत नव्हतं. आणि हाच माणूस दर रविवारी पेपरात इतर समीक्षकांच्या चुका काढत असे. अमक्याने नायकाच्या बहिणीला बायको केलं, तमक्याने पहिल्याच प्रसंगात मेलेल्या माणसाच्या शेवटच्या नाचाचं कौतुक केलं, असं सगळं त्यात असायचं. सदर लोकप्रिय होतं. दुसऱ्याची फजिती वाचायला कोणाला आवडत नाही?

शेवटी शेजारणीने येऊन पाणी बंद केलं. (कॉक दाराबाहेर, मीटरशेजारी होता.) तोवर समीक्षक बोलत बोलत कॉरिडॉरच्या टोकापर्यंत जाऊन आला होता. घंटा कधीच वाजून गेली होती. समोर दोन दारं. दोन्हींवर सारखेच मरून रंगाचे पडदे, आतून सारखाच पॉपकॉर्नचा वास. तीन नंबरच्या दारातून बाहेर पडलेला समीक्षक घाईघाईत चार नंबरच्या दारातून आत शिरला आणि अंधारात हाताला लागली त्या खुर्चीत बसला.

एरवी एवढं काही बिघडलं नसतं. पण आजचा सिनेमा घरचा होता. समीक्षकाच्या मेहुण्याचं त्यात पहिलंवहिलं काम होतं. या मेहुण्याला घरात ढब्बू म्हणत, जरी आता तो काठीसारखा झाला होता तरी. ढब्बूने चांगली नोकरी सोडून नट व्हायचं ठरवलं, तेव्हा त्याच्या वडिलांनी, म्हणजे समीक्षकाच्या सासऱ्यांनी, आरडाओरडा केला नाही. त्यांचं रंगाचं दुकान होतं आणि त्यांना आरडाओरडा फक्त गिऱ्हाइकांवर करायची सवय होती. ते एवढंच म्हणाले, "एक सिनेमा कर. त्यात जमलं तर जमलं. नाहीतर सोमवारपासून दुकानात बसायचं. आणि जमलं का, ते मी तुझ्या मित्रांना विचारणार नाही. पेपरात वाचणार."

छापलेल्या अक्षरावर त्यांचा फार विश्वास होता. जावई पेपरात असूनही तो टिकून होता.

"जिजू, माझी एन्ट्री मध्यंतरानंतर आहे," ढब्बू म्हणाला होता. "रोल कसला ते सांगत नाही. तुम्ही ओळखा."

म्हणून समीक्षक डोळे ताणून ओळखू लागला.

पहिला भाग दोन भावांचा होता. दोघांची मिळून एक लाँड्री, आणि तिच्यावरून भांडण. आता पडद्यावर लाँड्री नव्हती, भाऊ नव्हते. एक म्हातारा होता, होडीत बसलेला, वल्ह्याशी बोलत. बराच वेळ तो बोलतच राहिला. मग रडला. मग पुन्हा वल्हं मारू लागला.

आता तुम्ही-आम्ही काय केलं असतं? शेजारच्याला विचारलं असतं, "अहो, हा कोण? लाँड्रीचं काय झालं?" पण समीक्षकाला ही सोय नसते. समीक्षकाने शेजारच्याला विचारलं, तर मग शेजारच्याने कोणाला विचारायचं? शिवाय न कळलेल्या गोष्टीला खोल म्हणायचं, हा या धंद्यातला जुना रिवाज आहे. तेव्हा त्याने विचार करायला सुरुवात केली, आणि विचार करणाऱ्या माणसाला काय वाटेल ते सापडतं. लाँड्री म्हणजे पाणी! पहिल्या भागात बादलीत कोंडलेलं पाणी दुसऱ्या भागात मोकळं होतं! आणि भाऊ? भाऊ नाहीत, हेच तर दिग्दर्शकाला म्हणायचं आहे!

राहता राहिला ढब्बू. पडद्यावर माणूस एकच होता, त्यामुळे ओळखण्यात फारसं कौशल्य लागलं नाही. 'काय मेकअप आहे!' समीक्षक मनात म्हणाला. 'हातावरच्या शिरासुद्धा खऱ्या वाटतात.' (त्या खऱ्याच होत्या. शिरांचा मालक चाळीस वर्षं अभिनय करत होता.)

शेवटी नावं सुरू व्हायच्या आत तो उठला. समीक्षक नावं वाचत बसत नाहीत. ते काम त्यांना सामान्य प्रेक्षकांचं वाटतं.

घरी येऊन ओल्या हॉलमध्ये पाय वर घेऊन त्याने परीक्षण लिहिलं. तेवढ्यात शहरातल्या दुसऱ्या पेपरचे ज्येष्ठ समीक्षक फोनवर आले. ते मध्यंतरातच एका सत्काराला निघून गेले होते.

"दुसरा भाग कसा आहे रे? थोडक्यात सांग."

"सर, क्रांती आहे. नायकच गायब. नुसता म्हातारा आणि होडी."

"म्हातारा कोण?"

"आमचा मेहुणा!"

"वा, वा," ज्येष्ठ म्हणाले आणि लिहायला बसले.

सकाळी दोन्ही पेपरांत म्हातारा होता. समीक्षकाने लिहिलं होतं, 'तिशीही न गाठलेला हा नट सत्तरीचा थकवा अंगात भिनवतो.' ज्येष्ठांनी तर, 'तो ढसाढसा रडतो तेव्हा माझेही डोळे कोरडे राहिले नाहीत,' असं लिहिलं होतं. सत्काराच्या जेवणात तिखट जास्त पडलं असेल तर हे खरंही असेल.

सासऱ्यांनी दोन्ही कात्रणं दुकानाच्या काउंटरवर चिकटवली. डबाभर रंग घ्यायला आलेल्या माणसालाही परीक्षण ऐकल्याशिवाय सुट्टे पैसे मिळेनात.

दुपारी ढब्बू आला. चेहरा पांढराफटक.

"जिजू, मी म्हातारा नाहीये."

"मला माहीत नाही का? कमाल आहे तुझ्या मेकअपची!"

"सिनेमातसुद्धा म्हातारा नाहीये! मी लाँड्रीतलं गिऱ्हाईक आहे. माझा कोट हरवतो."

"कोट... होडीत हरवतो का?"

"कुठली होडी?"

आतल्या खोलीतून बायको बाहेर आली. ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती. तिने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं, मध्यंतरातल्या फोननंतर नवरा चुकीच्या हॉलमध्ये शिरला, हे गणित तिला क्षणात कळलं.

"एकाचं रक्त दुसऱ्याच्या नावावर लावलं, तर मला त्याच दिवशी घरी बसवतील," ती म्हणाली.

"मी उद्याच चूकभूल छापतो," समीक्षक म्हणाला. तत्त्वाचा माणूस होता तो, पकडला गेल्यावर तर जास्तच.

"नको!" ढब्बू ओरडला. "बाबा आयुष्यात पहिल्यांदा माझ्या पाठीवर हात ठेवून 'शाबास' म्हणाले! चूकभूल छापलीत तर सोमवारी मी दुकानात डबे मोजत असेन!"

"मग गप्प बसूया."

"कसं बसणार? बाबांनी उद्याची तिकिटं काढलीत. सगळ्यांची. त्यांना म्हातारा बघायचाय."

रविवारी दुपारी सगळं कुटुंब तीन नंबरच्या हॉलमध्ये ओळीने बसलं. सासरे मध्ये, उजवीकडे समीक्षक. ढब्बू पोट दुखतंय म्हणून घरी राहिला होता आणि त्याचं पोट खरंच दुखत होतं. मध्यंतर संपलं. समीक्षकाने या वेळी कॉफी घेतली नव्हती, फोनही बंद ठेवला होता. (इतकी काळजी त्याने प्रेस शोच्या दिवशी घेतली असती, तर ही गोष्टच झाली नसती.)

"म्हातारा कधी येणार, जावईबापू?"

"येईल, बाबा. सिनेमा जरा संथ आहे."

पडद्यावर ढब्बू आला. चष्मा नाकाच्या टोकावर, मान तिरकी. लाँड्रीच्या काउंटरवर त्याने आपला शर्ट पसरला, एकेक बटण बोटाने दाबून पाहिलं, उलटा करून शिवण तपासली, वास घेतला आणि म्हणाला, "घाई तुम्हाला असेल, पैसे मी देतोय." मग कोट हरवल्याचं कळल्यावर त्याने आवाज चढवला नाही, खुर्ची ओढली आणि कोट सापडेपर्यंत तिथेच बसायचं ठरवलं.

हॉलमध्ये हशा पिकला. सासूबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी लेकीकडे पाहिलं, लेकीने पायाकडे. मान, चष्मा, बटणं, वास, खुर्ची, सगळं उचललेलं होतं आणि ज्यांच्याकडून उचललेलं होतं ते शेजारी बसले होते.

आता वादळ होणार म्हणून समीक्षकाने खुर्चीचे हात घट्ट धरले.

सासरे हसत सुटले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. "अरे काय हा माणूस! असले चिक्कट लोक असतात हो, खरंच असतात! याने कुठे पाहिला असेल असला नमुना?"

"असेल पाहिला कुठेतरी," सासूबाई म्हणाल्या.

"काय निरीक्षण आहे पोराचं! नाही, नाही, याला दुकानात बसवणं म्हणजे पाप आहे."

समीक्षकाला वाटलं, सुटलो. सिनेमा संपला, सासऱ्यांनी शेवटचं नाव जाईपर्यंत कोणाला उठू दिलं नाही, मग सगळे लॉबीत आले. सासऱ्यांनी परीक्षणाची घडी खिशातून काढली.

"काम उत्तम. पण म्हातारा राहिला, जावईबापू."

"बाबा, तो... तो प्रतीकात्मक आहे. म्हणजे आहे, पण दिसत नाही."

"तुम्ही त्याच्या हातावरच्या शिरा लिहिल्यात."

"मग कापला असेल. सेन्सॉरने."

"अख्खा म्हातारा? होडीसकट?"

बायको मध्ये पडली नाही. ती शांतपणे भिंतीकडे पाहत होती, म्हणून सासऱ्यांनीही पाहिलं. चार नंबरच्या दाराशेजारी पुरुषभर उंचीचं पोस्टर होतं. होडी, वल्हं, म्हातारा. सासरे परीक्षण हातात धरून पोस्टरसमोर गेले आणि गिऱ्हाइकासमोर रंगछटांचं शेड कार्ड धरावं तसं एकेक वाक्य जुळवून पाहू लागले. सगळं जुळलं.

ते परत आले तेव्हा रागावलेले नव्हते. ते आणखी वाईट होतं.

"तुमच्या पेपरवर निकाल लावणार होतो मी," ते म्हणाले. "वाचलं पोर. माझ्या डोळ्यांनी बघितलं म्हणून वाचलं. त्याला करू दे काय करायचंय ते. पण ज्या घरात नट आहे, त्या घरात सिनेमा शेवटपर्यंत बघणारा एक तरी माणूस हवा. शुक्रवारी कितीला निघायचं?"

चूकभूल छापली गेली. (ज्येष्ठांनी छापली नाही, त्यांच्या मते त्यांचे अश्रू प्रामाणिक होते.) दर शुक्रवारी सासरे दुकान नोकरावर सोपवून प्रेस शोला येऊ लागले. मध्यंतरात ते जावयाचं कोपर धरून उभे राहत. न कळलेलं त्यांनी कधीही खोल मानलं नाही, ते सरळ दिग्दर्शकालाच गाठत आणि विचारत, "ती बाई विहिरीवर गेली ती परत आलीच नाही, तिचं काय झालं?" दोन दिग्दर्शकांना उत्तर देता आलं नाही. संपादक म्हणाले, तुझ्या लिखाणात हल्ली वजन आलंय.

मग एका नव्या सिनेमाचं निमंत्रण समीक्षकाच्या घरी आलं. जाड कागद, सोनेरी कडा, वर सासऱ्यांचं नाव आणि खाली 'सोबत एक व्यक्ती'. समीक्षकाने ते नेऊन दिलं. सासऱ्यांनी चष्मा नाकाच्या टोकावर घेऊन दोन्ही बाजूंनी तपासलं, घडी घातली आणि म्हणाले,

"हिला विचारलं, ती नाही म्हणते. ढब्बूला शूटिंग आहे. तुम्ही येता का?"