याग्नाची उडी आणि माझी बैठक

पोलंडमधल्या आमच्या अख्ख्या तोरुन शहरात माझ्याइतकी सपाट वाळू कोणी ओढत नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो! सगळं आयुष्य मसाल्याच्या बिस्किटांचं पीठ लाटण्यात गेलं, हात बसलाय. म्हणून तर आंतरराष्ट्रीय इनडोअर स्पर्धा आमच्याकडे आली तेव्हा लांब उडीच्या खड्ड्याचं दाताळं माझ्या हाती आलं. त्यात माझी भाची याग्ना अंतिम फेरीत. तिच्या आईने, म्हणजे माझ्या बहिणीने, बोझेनाने सकाळीच बजावलं, "काझिक, तू फक्त वाळू ओढ. बाकी कशात पडू नकोस."

याग्ना चौथी होती आणि शेवटची उडी उरली होती. पदक मिळवायचं तर आत्ताच. मी ऐटीत खड्ड्याकडे निघालो, आणि अर्ध्या वाटेत आठवलं की दाताळं चहाच्या ग्लासापाशीच राहिलं. झालं, परत फिरावं लागलं! विसरलेल्या वस्तूसाठी माघारी फिरलं की आधी बसायचं, दहा मोजायचे, मगच पुढे जायचं. नाहीतर काम फिसकटतं. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. भाचीच्या पदकाशी मी खेळणार होय? दाताळं घेऊन आलो. खुर्ची दिसेना, म्हणून खड्ड्याच्या काठावरच टेकलो, डोळे मिटले आणि मोजू लागलो.

तेवढ्यात याग्नाने उडी मारली. ती खड्ड्याबाहेर आली, उडी ग्राह्य असल्याचा पांढरा झेंडा वर गेला आणि सभागृह असं गरजलं की सातवर आलेला मी दचकून उताणा वाळूत पडलो! उडीची खूण नेमकी माझ्या पाठीखाली.

पंच ल्युद्विकाबाई मोजायला आल्या. त्यांनी मला उठवलं. खाली भट्टीत फसलेल्या पावासारखा आकार उमटला होता.

"आता काय मोजू?" त्या थंडपणे म्हणाल्या. "तुम्हाला?"

याग्नाच्या डोळ्यांत पाणी आलं. "मामा, हे काय करून ठेवलंस?"

इतका ओशाळलो मी की वाळूत तोंड खुपसावंसं वाटलं. पण चूक तिची नव्हती, म्हणून नियमाप्रमाणे तिला पुन्हा उडी मिळाली. मला कठड्यापलीकडे नेऊन उभं केलं. कोणीतरी वाळू ओढली, तीही तिरकी. याग्ना लालबुंद होऊन धावली, बहुधा मलाच धरायला, आणि जी उडाली ती थेट कांस्यपदकावर!

मी आनंदाने रडलो. मग जरा धीर आल्यावर बोझेनाला समजावलं की हे सगळं मी बसल्यामुळेच घडलं. सातपर्यंत मोजलं तर कांस्य मिळालं. दहा पूर्ण झाले असते तर सोनंच आलं असतं.

तिने पदकाकडे पाहिलं, मग माझ्या वाळूने भरलेल्या विजारीकडे.

"पुढच्या वेळी पूर्ण दहा मोज," ती म्हणाली. "घरी बसून."