फुप्फुसातलं पोटॅश

शेलूबाजारात हमरस्त्याला लागून देवरावभाऊंचं खत-बियाण्याचं दुकान आहे. आत शिरताच समोर लाल अक्षरांत पाटी दिसते : 'येथील पोटॅश पिकांसाठी आहे. फुप्फुसासाठी मागू नये.' नवखा माणूस पाटी दोनदा वाचतो, एकदा देवरावभाऊंकडे बघतो आणि आपला युरिया घेऊन निमूट निघून जातो.

ही पाटी त्यांच्याच तोंडामुळे लावावी लागली. पोटॅश मागितलं की पोतं लगेच मिळत नाही. आधी परीक्षा. "पोटॅश कायले लागते, मालूम आहे?" गिऱ्हाईक म्हणतं, "कपाशीले." "अन् फुप्फुसाले?" इथून पुढे गिऱ्हाईक त्यांच्या ताब्यात.

"हे पाह्य. फुप्फुसात पहारेकरी पेशी रायते. तिच्या अंगाले बारीक बारीक दारं. फुप्फुसाले मार लागला का दार उघडते. कॅल्शियम आत घुसते, पोटॅश बाहेर पयते. पोटॅश गेलं का पहारेकरी बोंब मारते, अन् बोंब आयकून सारं गाव काठ्या घेऊन येते. चोराले झोडपलं, दार लागलं, लोक घरी गेले, तं बरं. पण दारच लागलं नाई तं बोंब थांबत नाई. मंग आलेले लोक घराच्याच भिंती पाडते, अन् फुप्फुसात पानी भरते. सारी दाराची गोष्ट आहे, बावा!"

'सारी दाराची गोष्ट आहे' हे त्यांचं पालुपद. एसटी चुकली, जावई रुसला, तुरीवर अळी पडली, निदान एकच.

एकदा शेषराव नावाच्या एका जुनाट खोकलेकऱ्याने हे व्याख्यान मन लावून ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन हजर झाला. "पावशेर सुटं द्या, भाऊ. दुधात घ्यावं का पान्यात?" देवरावभाऊंचा चेहरा पांढरा पडला. भर गर्दीत दुकान बंद करून त्यांनी शेषरावला मोटारसायकलवर बसवलं, थेट डॉक्टरकडे नेलं आणि संध्याकाळी पाटी रंगवली.

मी इथल्या शाळेत विज्ञान शिकवतो आणि त्यांच्या दुकानामागच्या खोलीत भाड्याने राहतो. दहावी नापास माणसाकडे ही विद्या कुठून आली, हे मला लवकरच कळलं. त्यांची एकुलती एक मुलगी अश्विनी पुण्यात संशोधन करते, आणि तिचा विषय नेमका हाच : फुप्फुसाला इजा झाली की तिथल्या पहारेकरी पेशींची ही दारं कशी वागतात. दर रविवारी दहाला तिचा फोन येतो. देवरावभाऊ फोन तुरीच्या बियाण्याच्या थप्पीवर ठेवतात, आवाज मोठा करतात आणि स्टुलावर ताठ बसतात.

एके शनिवारी ते माझ्या दारात उभे. "सर, एक प्रश्न काढून द्या."

"कसला प्रश्न?"

"दाराचा. तुमाले सवय आहे पेपर काढाची." मग जरा घुटमळून म्हणाले, "जेवली का, बरी आहे का, असं इचारलं का फोन दोन मिन्टात संपते. दाराचं इचारलं का पोरगी अर्धा घंटा बोलते."

तेव्हापासून मी दर शनिवारी प्रश्न काढतो. ते तो दुकानातल्या कॅलेंडरवर रविवारच्या चौकटीत लिहितात आणि उत्तर मिळालं की बरोबरची खूण करतात. पेपर तपासायची हौस त्यांनाही आहे म्हणायची! आता सातवीच्या मास्तरकडे असे किती प्रश्न असणार? माझे कधीच संपले. मी जुनेच फिरवून देऊ लागलो आणि हे कोणाच्या लक्षात येणार नाही अशा भ्रमात राहिलो.

"सर, हे तं तिनं मागंच सांगतलं," एकदा ते म्हणाले.

मी ओशाळलो. "मग दुसरा काढतो."

"राहू द्या. सांगाले आवडते तिले."

एके दिवशी दिवाळीच्या सुट्ट्या बघायला म्हणून मी ते कॅलेंडर चाळत होतो. मागच्या महिन्यांची पानं उलटली तेव्हा दिसलं, प्रत्येक महिन्याच्या शेवटच्या रविवारी माझ्या प्रश्नाखाली बारीक अक्षरात तीनच शब्द होते : 'दोन दिवस आधी?' पुढे खूण नाही. ना जूनमध्ये, ना जुलैत, ना ऑगस्टमध्ये.

"भाऊ, हा मी दिलेला प्रश्न नाही."

ते बिलबुक आवरत होते. "नाई. थो मायाच प्रश्न आहे."

मग त्यांनी सांगितलं. अश्विनीची आई, म्हणजे वहिनी, गेल्या ते मला ठाऊक होतं, पण कशा, ते कधी विचारलं नव्हतं. हरभऱ्याचं बियाणं विकायचे दिवस. वहिनींना ताप आला, मग धाप लागू लागली. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. दोन दिवस गोळ्यांवर काढले आणि मग मोठ्या शहरातल्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, जंतू आटोक्यात आले, पण फुप्फुसाची सूज काही हटत नाही. आठव्या दिवशी सगळं संपलं. त्यानंतर अश्विनीने आपला विषय बदलून हा घेतला.

"विचारत का नाही मग तिला?"

"थे हो म्हणाली तं?" ते म्हणाले. "मंग मी दर रयवारी कोन्या तोंडानं बोलू तिच्यासंग?"

त्या शनिवारी मी त्यांना प्रश्नच दिला नाही. म्हटलं, "तुमचाच विचारा. मी शेजारी बसतो."

रविवारी फोन आला. देवरावभाऊ ताठ बसले, घसा खाकरला आणि पाढा म्हणावा तसं एका दमात म्हणाले, "अश्विनी, तुया मायले दोन दिवस आधी नेलं असतं, तं दारं लागली असती काय?"

फोन कटला असं वाटून मी पुढे वाकलो.

"बाबा," ती म्हणाली, "मले नाई मालूम. खरंच. कोनालेच पक्कं सांगता येत नाई. थेच तं शोधून राह्यली मी." मग तिचा आवाज बारीक झाला. "बाबा, आईनं मले पयल्याच दिवशी फोन केल्ता. धाप लागते म्हने. पण बाबाले सांगू नोको, दुकानात गर्दी आहे म्हने. मी नाई सांगतलं तुमाले. इतके दिवस वाट पाह्यली, तुमी कधी इचारता."

देवरावभाऊंनी चष्मा काढला. पुसला नाही, नुसता हातात धरून ठेवला. मला वाटलं, आता हा माणूस मोडणार. ते फोनच्या जवळ सरकले आणि म्हणाले, "जेवली का तू?"

"नाई अजून."

"काहून? काय रांधलं?"

मी उठून बाहेर आलो आणि शटर अर्धं खाली ओढलं. पायरीवर दोघे जण पोटॅशसाठी थांबले होते. त्यांना म्हटलं, बसा, भाऊ फोनवर आहेत. अर्धा तास झाला, तास झाला. आत बाप-लेक वांग्याच्या भाजीत तिखट किती घालावं यावर बोलत होते. त्या दिवशी दारांचा विषय पुन्हा निघाला नाही.