आतड्यावरचा तीळ

मुरोई किसाबुरो यांच्या पोटात सहा आठवडे अन्नाचा कण गेला नव्हता. निदान कागदोपत्री तरी. आतड्याला पीळ पडला, अर्ध्याहून अधिक कापावं लागलं, आणि कानाझावात चाळीस वर्षं लोकांना सोबाच्या शेवया खाऊ घालणारा हा माणूस छातीतल्या नळीतून थेट रक्तात सोडलेल्या दुधट पाण्यावर जगू लागला.

तोंडानं खाणं बंद झालं की आतड्याचं अस्तर झिजतं, जुन्या मखमलीची लव उडावी तसं. वाढीच्या संप्रेरकानं ती लव परत येते का, हे डॉक्टर मिनेगिशी तपासत होत्या. निम्म्या रुग्णांना संप्रेरकाचं इंजेक्शन, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. कुणाला काय, ते मोहोरबंद पाकिटात. बाईंची चार वर्षं यात गेली होती आणि एकाही आतड्यानं दाद दिली नव्हती.

मुरोईंचं अस्तर मात्र सहाव्या आठवड्याच्या तपासणीत गालिच्यासारखं दाट निघालं.

"हा संप्रेरकवालाच!" विभागप्रमुख प्राध्यापक कुवाबारा म्हणाले. "मुरोईसान, चपला घट्ट होतात का हो? या औषधानं पाय सुजतात."

"होतात की," मुरोई म्हणाले. चपला घेतल्यापासूनच घट्ट होत्या. पण एवढ्या मोठ्या माणसाला नाही कसं म्हणायचं?

त्या एका 'होतात की'वर कुवाबारांनी ओसाकाहून तीन तज्ज्ञ बोलावले.

गुरुवारी सकाळी दुर्बीण आत गेली. पडद्यावर गुलाबी मखमल पसरली. तज्ज्ञांनी माना डोलावल्या. मग मधोमध एक काळा ठिपका आला.

"हे काय?" कुवाबारांनी विचारलं.

"तीळ आहे, सर," मिनेगिशी हळूच म्हणाल्या.

"आतड्यावर तीळ? लिहून घ्या. नवा दुष्परिणाम!"

तिघांनी लिहून घेतलं. एकानं आकारही विचारला.

"सर, तसला तीळ नाही. खायचा."

"कशावरून?"

"सरकतोय."

तीळ खरोखरच सरकत होता. थोड्या वेळानं त्याच्यामागून दुसरा आला.

मुरोईंच्या पत्नीला, तोमेबाईंना, आत बोलावलं.

"एकच मुटका हो, रोज दुपारी," त्या म्हणाल्या. "भाताचा. वरून तीळ."

"सहा आठवडे?"

"छे, छे! पहिला आठवडा नुसती पेज पाजली."

"आतडं फाटलं असतं म्हणजे, काकू?" मिनेगिशींनी विचारलं.

तोमेबाई माफी मागायला कमरेत वाकल्या त्या वर येईचनात. "चुकलं माझं. पण हे झोपेत पीठ मळायचे हो. हात आपले हवेत चाललेत. बघवेना."

"तिला बोलू नका, मीच मागत होतो," मुरोई म्हणाले. "आणि तीळ भाजायलाही कमीच पडलेत."

नियमाप्रमाणे मुरोई प्रयोगातून बाद झाले आणि त्यांचं पाकीट फोडलं गेलं. मिठाचं पाणी. कुवाबारांनी चिठ्ठी उलटी करून मागची बाजूही पाहिली. ओसाकाचे तज्ज्ञ गाडीची वेळ विचारू लागले.

मिनेगिशी खिडकीशी जाऊन बसल्या. चार वर्षांत बरं झालेलं एकमेव आतडं, आणि त्यात त्यांचा काडीचा वाटा नव्हता. पण माणूस खाऊ शकत होता, हे तर पडद्यावरच दिसलं होतं. त्यांनी उठून लिहिलं: उद्यापासून तोंडानं आहार.

दुसऱ्या दिवशी रुग्णालयाची पातळ पेज आली. तोमेबाईंचे डोळे भरून आले. मुरोईंनी पहिला चमचा तोंडात घेतला, डोळे मिटले आणि बराच वेळ घोळवून गिळला.

"डॉक्टरबाई, हे कुणी रांधलं?"

"आपल्या स्वयंपाकघरानं."

मुरोईंनी चमचा पुसून ठेवला आणि वाडग्यावर अदबीनं झाकण घातलं.

"नळी अजून जागेवर आहे ना?"